अटींचं काय? मलावीचं उदाहरण
‘गरीब देशांना मिळणारी परदेशी मदत नेत्यांच्या घशातच जाते, बंद करा’ हे मत निम्मंच पटलं. मदतीसोबत येणाऱ्या अटींबद्दल कुणी बोललंच नाही. मलावी या आफ्रिकेतल्या देशात जागतिक बँक आणि देणगीदार देश खतावरचं अनुदान काढायला लावत होते. २००५ च्या दुष्काळात तिथे जवळपास ५० लाख लोकांना बाहेरच्या धान्याची गरज पडली. मग तेव्हाचे अध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांनी तो सल्ला बाजूला ठेवून छोट्या शेतकऱ्यांना कूपनं वाटली. कूपन दाखवलं की ५० किलोची खताची गोणी स्वस्तात. पाऊसही चांगला झाला हे खरं, पण २००७ मध्ये हाच देश झिंबाब्वेला मका विकत होता!

पुढे याच मुथारिकांनी अध्यक्षांसाठी खास विमान घेतलं तेव्हा ब्रिटनने मदत कापली, ते योग्यच. पण मक्याच्या पिठावर जगणाऱ्यांच्या खताच्या गोणीवर अट घालणं क्रूर होतं.