तीन नको, दोनच करा

लंडनमध्ये एका दिवसात तीन म्युझियम होतील का, असं बरेच जण विचारतात. होतील, पण लहान मूल आणि सत्तरीतल्या आजी बरोबर असतील तर करू नका. आम्ही ठाण्याचे चौघं गेलो होतो, तेव्हा दोनातच दमलो.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनवर उतरा. आतूनच भुयारी वाट म्युझियमकडे नेते, पावसात फार सोयीची. नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, कला-कारागिरीचं म्युझियम), तिन्ही जवळजवळ आहेत. कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, खास प्रदर्शनांना मात्र पडतं. नॅचरल हिस्टरीच्या मोठ्या हॉलात निळ्या देवमाशाचा 25 मीटरचा सांगाडा छताला टांगलाय. लेक म्हणाला, "बाबा, हा तर लोकलच्या डब्याहून लांब!" खरंच आहे. डायनासोर बघायची रांग मात्र सकाळीच गाठा.

व्ही अँड एमध्ये टिपूचा लाकडी वाघ चुकवू नका. खाली गोरा शिपाई, वर वाघ, आणि कुशीत बाजा. हँडल फिरवलं की गुरगुर आणि किंकाळी निघावी अशी रचना (आता आपल्याला फिरवू देत नाहीत). 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांनी उचलला. आई काचेसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आपलाच वाघ, आणि बघायला व्हिसा काढायचा!"

मधल्या अंगणात उथळ पाण्याचं तळं आहे, पोरं सरळ त्यात उतरतात. जादा मोजे न्या. आम्ही नेले नव्हते.