फिश टँकमधली मॉली मेली, सगळं पाणी बदलू का?

प्रश्न (इंदूर): सकाळी मॉली मेलेली दिसली, बाकीचे मासे वर येऊन तोंड उघडतायत, मुलगी रडतेय. सगळं पाणी काढू का? आणि मेलेल्या माशाचं काय करू?

उत्तर: ताई, आधी जाळीने मासा काढा, तो सडला की अमोनिया वाढतो आणि बाकीचेही जातात. पाणी २५-३० टक्केच बदला, नर्मदेच्या नळाचं डायरेक्ट नको त्यात क्लोरीन असतं, अँटीक्लोरीन टाकून मगच ओता. एअर पंप चालूच ठेवा, आज खाणं बंद.

उत्तर: फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका हो, चांगले बॅक्टेरिया मरतात, टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा. मासा तलावात अजिबात टाकू नका, रोग पसरतो. कुंडीत खोल पुरा, माती मुलीलाच टाकू द्या, तिला बरं वाटेल.

प्रश्नकर्ती: पंप लावला, मासे थोडे खाली गेलेत! अमोनियाचं टेस्ट किट आणतेच आता.