मदत हवी आहे: विदिगैरात (पोर्तुगाल) दोन दिवस, काय बघावं?

नदीकाठ
आईबाबा लिस्बनला माझ्याकडे येताहेत. विदिगैराला दोन दिवस नेणार आहे. काय बघायचं, शाकाहारी जेवण कुठे मिळेल? लवकर सांगा, बुकिंग आजच करायचंय.

रानवाट
कधी? गाडी आहे का? अंडं चालतं का?

पणजीकर
1519 मध्ये वास्को द गामा विदिगैराचा काउंट झाला. 1524 ला कोचीत वारला, 1539 ला अस्थी विदिगैराला नेल्या. पण त्या 1880 ला लिस्बनच्या जेरोनिमोस मठात हलवल्या, तिथेच बघा.

मावळमाती
1502 मध्ये हज यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं त्याने. दर्शन कसलं घ्यायचं?

पणजीकर
दर्शन कोण म्हणालं? इतिहास सांगितला.

द्राक्षवेल
पोर्तूला जा, दोरू नदीकाठ विदिगैरापेक्षा कितीतरी देखणा.

नदीकाठ
पोर्तू नकोय हो! 6 ते 8 नोव्हेंबर. गाडी नाही. आईला अंडंही चालत नाही.

रानवाट
मग तारीख बदला. तिथे मातीच्या रांजणात वाइन करतात, ताल्या म्हणतात त्या रांजणाला. ताल्या वाइनचा नियमच आहे, 11 नोव्हेंबरपर्यंत ती द्राक्षांच्या सालांवरच राहिली पाहिजे. त्या दिवशी, सेंट मार्टिनला, तळाशी तोटी ठोकतात आणि सालांच्या थरातूनच गाळून येते. 8 ला परत फिरलात तर हे हुकेल.

द्राक्षवेल
आंताव वाझ ही तिथली पांढरी द्राक्षं. बाटली घेऊन या.

नदीकाठ
बाबा पीत नाहीत! आमचं घर कुंभाराचं. त्यांनी जन्मभर रांजण-माठ घडवले, त्यांना ते रांजण बघायचेत. लिहायला हवं होतं.

रानवाट
अरे, मग तारीख राहू द्या, रांजण भरलेलेच दिसतील. लिस्बनहून बेजाची ट्रेन धरा, काझा ब्रांकाला बदला, कूबाला उतरा. पुढे दहाएक किलोमीटर टॅक्सी. शेजारच्या विला द फ्रादेश गावच्या जुन्या तळघरांत माणसाच्या उंचीचे रांजण आहेत. ते चाकावर नाही, थरावर थर चढवून, मधे सुकवत घडवलेत. काहींच्या खांद्यावर वर्ष कोरलंय, बाबांना हात लावून बघू दे. गावाबाहेर साँ कुकुफातचा रोमन वाडा आहे, विटांच्या कमानी अजून उभ्या आहेत.
आईसाठी आसोर्दा: लसूण, कोथिंबीर, मीठ कुटून ऑलिव्ह तेल, वर उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे. 'सें ओवु' म्हणजे अंड्याशिवाय. पाणी माशाचं नाही ना, तेवढं आधी विचारा. मीगश हा पावाचाच पदार्थ, पण बहुधा डुकराच्या चरबीत असतो, ते नको.

नदीकाठ
बुकिंग केलं. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. विचारतात, रांजण झिरपत कसा नाही?

रानवाट
आतून राळ लावतात. रांजण विस्तवावर उपडा घालून तापवायचा, मग वितळलेली राळ ओतून लोळवायचा, सगळीकडे बसेपर्यंत.

नदीकाठ
बाबा म्हणतात, तापवताना तडकत कसा नाही, ते तिथल्या माणसालाच विचारतो.