मदत हवी आहे: एअर रायफलवरचा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची साइट) पडल्यामुळे बिघडलाय का, हे कसं तपासू? (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

इथे नेमबाजी करणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय. जरा लांबलचक झालाय, पण आकडे दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

रायफल बाबांची. वय अडुसष्ट. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टू चालवायचे, नंतर नोकरी-संसारात सगळं सुटलं. निवृत्तीनंतर पुन्हा सुरू केलं आणि गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बसवलेल्या लेन्स लांबचं पाहण्यासाठीच्या आहेत. त्यामुळे टार्गेट स्वच्छ दिसतं, पण नेम धरायची नळीच्या टोकावरची फोरसाइट धूसर आणि मागची साइट तर दिसेनाशीच. म्हणून रेड डॉट बसवला. त्यात एलईडीचा उजेड काचेवरून परतून डोळ्यात समांतर येतो, म्हणून ठिपका खूप लांब असल्यासारखा दिसतो. ठिपका आणि टार्गेट दोन्ही एकाच वेळी स्पष्ट. पहिल्या दिवशी बाबांनी पाच छर्रे मारले आणि कार्ड घडी करून खिशात ठेवलं. ते कार्ड अजून त्यांच्या पाकिटात आहे. हे सांगतेय ते एवढ्यासाठी, की "रेड डॉट काढून टाका" हा सल्ला आम्हाला उपयोगाचा नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० मीटर रायफलमध्ये ही साइट चालत नाही, हे माहीत आहे. स्पर्धेचा प्रश्नच नाही.

रायफल ४.५ मिमीची, स्प्रिंगवाली, २० ज्यूलच्या आतली, म्हणजे २०१६च्या आर्म्स रूल्सप्रमाणे परवाना न लागणारी. साइट ट्यूबवाली, काच २० मिमीची, ठिपका ३ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग), नेम जुळवायच्या स्क्रूच्या एका क्लिकला १ एमओए. वापर फक्त ठाण्यातल्या क्लबच्या १० मीटरच्या इनडोअर रेंजवर.

जुलैत एका रविवारी विटाव्याला पाणी भरलं होतं, म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. पार्किंगमध्ये डिकीतून काढताना बॅग माझ्याच हातून निसटली आणि साइटच्या बाजूवर काँक्रीटवर पडली. काच फुटली नाही. कडेला ओरखडा आहे, बाकी काही नाही. पण त्यानंतर बाबांचे छर्रे सारखे खाली जातायत.

मी रबाळ्याला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, त्यामुळे आधी मोजून घेतलं. पडण्याआधीच्या कार्डांवर बाबांचा पाच छऱ्यांचा ग्रुप (भोकांचा पुंजका) साधारण १८ मिमीचा, मध्य टार्गेटच्या काळ्या गोलाच्या मधोमध. पडल्यानंतर ग्रुप तेवढाच, पण मध्य ८ मिमी खाली. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मी मारले, तर मध्य जेमतेम २ मिमी सरकलेला. १० मीटरवर १ एमओए म्हणजे २.९ मिमी, म्हणजे माझा फरक एका क्लिकच्याही आत. एकच रायफल, एकच डबीतले छर्रे, मग दोघांत एवढा फरक का? बाबा म्हणतात, ठिपका हल्ली काचेच्या वरच्या कडेला दिसतो. शिवाय तो त्यांना स्वल्पविरामासारखा दिसतो, मला गोल.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाले, स्प्रिंगवाल्या रायफलवर लावलीत म्हणजे वॉरंटी गेली. विकताना हे सांगितलं नव्हतं, याचा राग आहे. पण त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, हे नंतर वाचून कळलं. पिस्टन पुढे जाताना रायफल मागे ढकलते आणि पिस्टन टोकाला पोचला की पुढे झटका देते. बंदुकीचा धक्का सोसायला केलेल्या साइटला हा उलटा झटका सोसेलच असं नाही.

तर प्रश्न असे. साइट आतून हललीय की नाही, हे खात्रीने कसं ठरवायचं? आणि आमच्याकडे खाडीची दमट हवा आहे, बॅटरीच्या झाकणाच्या आत हिरवट थर दिसला. सील शाबूत आहे का, ते बघायला साइट कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे पाहू का? खोक्यावर आयपीएक्स७ लिहिलंय, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

प्रतिसाद: कोपरीकर

ताई, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. पाण्यात अजिबात बुडवू नका. आयपीएक्स७ नव्या मालासाठी असतं. पडलेल्या साइटचं सील तिथेच सुटलं तर तपासणीनेच ती मरेल. त्यापेक्षा बॅटरी काढून साइट घट्ट झिपच्या पिशवीत घाला, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढून काच पुसा. पुसूनही धुकं राहिलं तर ते आत आहे. पुसल्यावर गेलं तर बाहेरचं, एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर येतं तसं.

स्वल्पविरामाचं म्हणाल तर मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत गोल आला तर साइट ठीक, डोळ्यात सिलिंडर नंबर असणार.

आता मुख्य मुद्दा. पॅरलॅक्स (डोळा सरकला की नेम सरकणं) नाही असं खोक्यावर लिहितात, ते लांबच्या अंतरासाठी. उजेड समांतर असल्यामुळे डोळा मध्यापासून जितके मिलिमीटर सरकेल तितकेच मिलिमीटर नेम सरकतो, अंतर काहीही असो. १०० मीटरवर ८ मिमी कोण मोजतो? १० मीटरवर मात्र तेच ८ मिमी तीन वर्तुळं खातात. ठिपका वरच्या कडेला दिसतोय म्हणजे बाबांचा डोळा वर आहे, आणि डोळा वर असला की छर्रा खाली जातो. तुमचं कार्ड नेमकं हेच सांगतंय. त्यांनी मध्यंतरी चष्मा बदलला का?

प्रतिसाद: जुना रेंजवाला

वरच्याला अनुमोदन. पण माउंटही (साइट रायफलवर धरून ठेवणारी पकड) बघा. स्प्रिंगवाल्यावर माउंट हळूहळू मागे सरकतं. माउंटचा बेस आणि तो ज्यात बसतो त्या रायफलवरच्या खाचेवर (डोव्हटेल) पेंट मार्करने आडवी रेघ मारा, शंभर छऱ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर तिथेच चोर. माउंटला मागे सरकू न देणारी स्टॉप पिन आहे का?

धागाकर्तीचा प्रतिसाद (दोन आठवड्यांनी)

कोपरीकर, तुम्ही विचारलंत आणि मी थक्क झाले. हो, बॅग पडली त्याच आठवड्यात बाबांना प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) चष्मा मिळाला होता. चष्म्याची फ्रेम बटला (गाल टेकवायच्या मागच्या भागाला) घासते म्हणून ते गाल उचलून धरत होते. मी सगळा दोष पडण्याला लावून बसले होते.

रायफल रिकामी ठेवून पिशव्यांत घट्ट बसवली, ठिपका काळ्याच्या मध्यावर आणला आणि हात न लावता फक्त डोकं वर-खाली केलं. ठिपका टार्गेटवर दोन्हीकडे ९-१० मिमीपर्यंत फिरला. काच २० मिमीची, म्हणजे हिशोब जुळतो. आता बटवर दोन थर फोम आणि वरून रेक्झिन चिकटवलंय, आणि बाबा रेंजवर जुना, फक्त लांबचा चष्मा लावतात. परवाच्या कार्डावर मध्य फक्त २ मिमी खाली.

फोटोत ठिपका गोल आला. फ्रिजनंतर आत धुकं नाही. बॅटरीचे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिलने पुसले आणि सीआर२०३२ नवी घातली.

जुना रेंजवाला, तुमचंही खरं निघालं. सत्तर छऱ्यांनंतर रेघ अर्धा मिलिमीटर तुटली, माउंट मागे गेलंय. स्टॉप पिन आहे, पण रायफलच्या धडावरच्या (रिसीव्हर) भोकात ती बसलेलीच नव्हती. आता नीट बसवली आणि स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलंय.

एक शंका उरलीच आहे. नवी बॅटरी घालूनही मधूनच, दहा-बारा छऱ्यांत एकदा, ठिपका क्षणभर विझतो. फक्त झटक्यालाच, हाताने हलवून नाही. बॅटरीखालची पत्ती चिमट्याने किंचित वर उचलावी का, की सोल्डर तडकलं असेल? कुणी उघडून पाहिलं असेल तर सांगा. बाबा रविवारची वाट बघतायत, आणि त्याआधी मला हे नीट करून द्यायचंय.