इंजिन गार असतानाच पाहावे
जुनी गाडी विकत घेताना, कमी किलोमीटर धावलेली गाडी निर्धोक असते असे म्हटले जाते; त्या मताला थोडी पुरवणी जोडतो. एकाच मालकाने वर्षानुवर्षे जपलेली डिझेल गाडी पाहायला जाताना ती आधी सुरू करून ठेवू नये, अशी विनंती मालकास जरूर करावी. कारण ग्लो प्लग (गार डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे विजेवरचे भाग) निकामी असोत वा सिलिंडरमधील दाब उतरलेला असो, हे दोष गार इंजिन सुरू करतानाच उघडे पडतात आणि ते तापले की झाकले जातात. १९७६ साली आलेल्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ मालिकेतील डिझेल इंजिन व्हॅक्यूमच्या (नळ्यांतील हवा खेचून निर्माण केलेल्या कमी दाबाच्या) साहाय्याने बंद होते, त्यामुळे किल्ली फिरवूनही ते धडधडत राहिले तर बहुधा कुठेतरी व्हॅक्यूमची गळती असते (हे काम सहसा किरकोळ असते). गंज मात्र किरकोळ मानू नये. देखभालीच्या जुन्या पावत्या मिळाल्यास मी रंगाच्या चकाकीपेक्षा त्यांनाच अधिक मोल देईन.