प्रीपेड मीटर काढून महिन्याचं वीजबिल परत आणावं का? (सांगली, ८४ फ्लॅटची सोसायटी)

बी_विंग_विश्रामबाग

येत्या रविवारी आमची सभा आहे, त्याआधी इथल्या जाणत्या लोकांचं मत हवंय.

आमच्याकडे सोसायटीच्या नावावर एकच उच्चदाबाचं (जास्त व्होल्टेजचं, मोठ्या ग्राहकांसाठीचं) कनेक्शन आहे आणि आत प्रत्येक फ्लॅटला सब-मीटर. पहिली दोन वर्षं रीडिंग घेऊन महिन्याला बिल यायचं. मग समितीने प्रीपेड मीटर बसवले. मोबाइलवरून रिचार्ज करायचा, बॅलन्स संपला की लाईट जाते. इथपर्यंत ठीक होतं. पण मेंटेनन्सही त्याच बॅलन्समधून रोज ५२ रुपये कापला जातो, आणि माझं भांडण तिथे आहे.

चैत्रात जत्रेला आटपाडीकडे गावी गेलो होतो, नऊ दिवस. घरात फक्त फ्रिज चालू ठेवला, कारण दाराच्या कप्प्यात आईच्या इन्सुलिनची पेनं होती. निघताना बॅलन्स ४१० रुपये. फ्रिजची वीज दिवसाला १५ रुपयांच्या आसपास, म्हणजे नऊ दिवसांचे दीडशेसुद्धा होत नाहीत. पण मेंटेनन्स धरून सहाव्या दिवशी बॅलन्स संपला. गावात रेंज धड नसते, मेसेज परतीच्या वाटेवर विट्यात आले, एकदम सात. घरी आलो तर फ्रिजखाली पाणी साचलेलं, दुधाचा वास सुटलेला आणि पेनं हाताला कोमट लागत होती. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. सगळी फेकली. आई म्हणाली, "एखादं चाललं असतं रे." त्या वाक्याने फार लागलं.

विजेचे पैसे शिल्लक असताना वीज तोडली गेली, ती मेंटेनन्सपायी. माझी मागणी सरळ आहे: प्रीपेड बंद करा आणि प्रत्येक फ्लॅटला वीज कंपनीचं स्वतंत्र कनेक्शन, महिन्याचं बिल घ्या.

खजिनदार_पाच_वर्षं

दादा, मी तुमच्याच समितीत आहे. आईंच्या औषधाचं वाचून खरंच वाईट वाटलं. हे मला आधी सांगायला हवं होतंत.

पण प्रीपेड आम्ही हौसेने आणलं नाही. दुसऱ्या वर्षाअखेर १७ फ्लॅटची थकबाकी २ लाख ८६ हजारांवर गेली होती. कनेक्शन एकच, बिल एकच. मुदतीत भरलं नाही तर ८४ घरं, लिफ्ट, पाण्याचा पंप, सगळं अंधारात. एका महिन्यात आम्ही तिघांनी खिशातून प्रत्येकी ४० हजार घातले तेव्हा बिल भरलं गेलं. थकबाकीदारांच्या दारात जायचो तर दार उघडायचे नाहीत, आणि मुलं आतून सांगायची, "बाबा घरी नाहीत." प्रीपेड झाल्यापासून एकाही महिन्याचं बिल लांबलेलं नाही. महिन्याचं बिल परत आणा म्हणणाऱ्यांनी आधी वसुलीला कोण फिरणार ते सांगावं.

कुपवाड_एमआयडीसी

मी भाडेकरू आहे, मत द्यायचा अधिकार नाही, तरी बोलतो. मला प्रीपेडच बरं वाटतं. माझा पगार आठवड्याला होतो. शनिवारी दोनशे टाकायचे, पुढच्या शनिवारी परत दोनशे. आधी बिल यायचं तवा अठराशे एकदम कुठनं काढायचे? दोन महिने थकलं की घरमालकाचा फोन, मग सगळ्यांसमोर मान खाली. आता मीटरवर आकडा दिसतो, पोरं बाहेर जाताना आपणहून पंखा बंद करत्यात. मेंटेनन्स मात्र त्यातनं कापू नये, ते बी विंगवाल्या दादांचं बरोबर हाय. तो मालकानं भरायचा असतो, कापला जातोय माझ्या रिचार्जमधनं. मागायला गेलं की मालक "भाड्यात बघू" म्हणतो.

निवृत्त_लाइनमन_मिरज

या खात्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वीज कायदा २००३, कलम ५६. बिल थकलं तर वीज कंपनीला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनच पुरवठा तोडता येतो. बिलाबद्दल वाद असेल तर निषेध नोंदवून रक्कम भरायची, मग तोडता येत नाही. पण हे कलम परवानाधारक, म्हणजे वीज वाटपाचा परवाना असलेल्या कंपनीला लागू आहे. तुमची सोसायटी परवानाधारक नाही. म्हणजे सब-मीटरवाल्या ग्राहकाला हे १५ दिवसांचं कवच आपोआप मिळत नाही. स्वतंत्र कनेक्शनचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच. गाऱ्हाणं असेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडेही तुम्ही स्वतःच्या नावाने जाऊ शकता.

दुसरं, दर. सोसायटीच्या उच्चदाब कनेक्शनला युनिटचा दर एकच असतो. घरगुती कनेक्शनला टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५०० आणि त्यावर. पहिला टप्पा बराच स्वस्त, पुढचे महाग होत जातात. ज्यांचा वापर १०० च्या आत आहे ते आज टप्प्याचा फायदा गमावून बसलेत.

तिसरं, ठेव. प्रीपेडला सुरक्षा ठेव मागता येत नाही, कलम ४७ मध्येच तसं लिहिलंय. नेहमीच्या बिलाला लागते: महिन्याचं बिल असेल तर सरासरी बिलाच्या दुप्पट. त्यावर बँक दराने व्याज मिळतं, पण पैसे अडकतात हे खरं.

चौथा_मजला_ए_विंग

काका, म्हणजे दर टप्प्याने झाला की आमचं बिल वाढणार ना? आम्ही दोघंही घरून काम करतो. उन्हाळ्यात एसी धरून ४२० युनिट जातात. आणि लाईट गेली की आज जनरेटरवर आख्खा फ्लॅट चालतो, मीटरमध्ये त्याची वेगळी नोंद होते. स्वतंत्र कनेक्शनमध्ये ती सोय राहील का? मीटिंग चालू असताना वीज गेली तर माझी नोकरी धोक्यात येते. आम्ही कुणाचं थकवलेलं नाही, वेळेवर रिचार्ज करतो. मग आम्हीच का सोसायचं?

बी_विंग_विश्रामबाग

ताई, तुमचं बिल वाढेल, ते नाकारत नाही. पण आज ते कमी कुणामुळे आहे तेही बघा. आमच्या विंगमधल्या २८ पैकी १६ घरांचा मार्चचा वापर १०० युनिटच्या आत होता, तक्ता नोटीस बोर्डावर लागला होता. त्यांत तीन घरी एकटी म्हातारी माणसं राहतात. दोन पंखे, एक टीव्ही, मिक्सर. युनिटला तेही तुमच्याएवढाच दर देतात.

वसुलीबद्दल, खजिनदार साहेब, स्वतंत्र कनेक्शनला वसुली तुमच्याकडे राहतच नाही. ज्याचं थकेल त्याचं तुटेल, आणि तेही नोटीस देऊन.

शाहूपुरी_सातारा

आम्ही यातून गेलोय. ३६ फ्लॅट, दोन वर्षांपूर्वी एकत्र कनेक्शनवरून स्वतंत्र कनेक्शन घेतली. जे घडलं ते सांगतो.

वाटलं होतं अर्ज केला की झालं. मीटर रूममध्ये ३६ मीटरना जागाच नव्हती. नवीन पॅनेल, केबल, अर्थिंग, काही फ्लॅटची वायरिंग बदलली. ठेव सोडून प्रत्येकी साधारण १४ हजार गेले आणि आठ महिने लागले. ट्रान्सफॉर्मर कुणाचा यावरच तीन महिने पत्रं फिरली. जुन्या प्रीपेड खात्यातली शिल्लक परत मिळवायला वेगळा पाठपुरावा. आमची चूक एवढीच की शिल्लक आणि शेवटचं रीडिंग यांचे फोटो काढून ठेवले नाहीत. तुम्ही काढा.

जनरेटर आता फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांना आहे. पाचव्या मजल्यावरच्या आजींना त्याचा त्रास होतो, वळवाच्या पावसात लाईट गेली की रात्रभर पंखा नाही. पण मेंटेनन्स आणि वीज वेगळे झाल्यापासून जिन्यातली भांडणं थांबली. मला विचाराल तर परत तेच करीन.

खजिनदार_पाच_वर्षं

१४ हजार आणि आठ महिने. आमच्याकडे ८४ फ्लॅट आहेत, त्यात निम्मे भाड्याने दिलेले. पुण्या-मुंबईचे मालक इतके पैसे काढतील? आणि आज नाही उद्या सगळीकडे प्रीपेडच येणार, मग हा खटाटोप कशाला?

निवृत्त_लाइनमन_मिरज

साहेब, राज्यात सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलंय. आता जे स्मार्ट मीटर बसतात त्यांचं बिल नेहमीसारखं महिन्याने येतं. पुढचं पुढे, पण त्या भीतीने आजचा निर्णय टाळू नका.

निर्णय कसा घ्यायचा त्याचीही तरतूद आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. एकत्र की स्वतंत्र कनेक्शन, हे रहिवासी ठरवू शकतात, आणि मतदान वीज कंपनीने पारदर्शकपणे घ्यायचं आहे. सभेत हात वर करून ठरलं असं समजू नका. घरातली वीज, जनरेटरची वीज आणि सामाईक वापर यांची मोजणी वेगळी हवी, हेही त्यातच आहे. तेव्हा ताईंच्या जनरेटरचा प्रश्न पहिल्याच अर्जात मांडा.

कुपवाड_एमआयडीसी

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तवा आम्ही गावभागात होतो. चार दिवस ना लाईट ना मोबाइलला रेंज. अशा वेळी लाईट परत आली आणि बॅलन्स संपलेला असला तर रिचार्ज कशावरनं मारायचा? हे आत्ता सुचलं. दोनशे-दोनशे टाकणं मला सोयीचं हाय, पण अडचणीच्या वेळेला लाईट तुटू नये एवढी सोय तरी पाहिजेच.

खजिनदार_पाच_वर्षं

मी मधला मार्ग मांडतो. मेंटेनन्स विजेच्या बॅलन्समधून काढून टाकायचा, त्याचं वेगळं बिल. बॅलन्स संपल्यावर ३०० रुपयांपर्यंत उधार, आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी किंवा पूर-पावसात तोडायचं नाही. घरात औषध, ऑक्सिजनचं यंत्र असेल तर यादीत नाव, त्यांचं फोन केल्याशिवाय तोडणार नाही. हे पुढच्या महिन्यापासून करता येईल, मीटरच्या कंपनीशी मी बोलतो. मग स्वतंत्र कनेक्शनचा विषय सोडाल का?

बी_विंग_विश्रामबाग

मेंटेनन्सचा ठराव रविवारीच करा, मी अनुमोदन देतो. औषधांच्या यादीचाही. पण विषय सोडणार नाही. ही उधारी आज तुम्ही देताय कारण तुम्ही भले आहात. उद्याची समिती ती काढून घेईल आणि तेव्हा आमच्या हातात कायद्याचा एकही कागद नसेल. मला ती नोटीस हवी आहे, १५ दिवसांची, माझ्या नावाची. मतदानासाठी वीज कंपनीला द्यायचा अर्ज मी लिहून आणतो. खर्चाचा अंदाज आल्यावर कुणाला नको वाटलं तर त्याने विरोधात मत द्यावं.

काका, रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये सभा आहे. मिरजेहून याल का?

निवृत्त_लाइनमन_मिरज

येतो. नऊलाच येतो. मीटर रूमची किल्ली तेवढी वॉचमनकडे ठेवा, आधी ८४ मीटरना जागा आहे का ते टेप लावून मोजू.