केसगळती आत्ताची, कारण मागचं असू शकतं
'शाम्पू बदलला आणि आठवड्यात गळती सुरू, म्हणजे दोष शाम्पूचाच' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, झपाट्याने घटवलेलं वजन, यांचा हिशेब केस साधारण 2-3 महिन्यांनी चुकता करतात. तोवर आपण ते दुखणं विसरलेलोही असतो! माझ्या बाबतीत टायफॉइड निघाला. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला की 'मुळासकट गेला' म्हणून जीव घाबरा होतो. पण केस जिथून उगवतो ते मूळ त्वचेतच राहतं.

आणि केसांसाठी बायोटिनच्या (हे एक ब जीवनसत्त्व) गोळ्या चालू असतील तर थायरॉइडची तपासणी करण्याआधी डॉक्टरांना सांगाच, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. केस जाऊन डोक्यावर गोल चकत्या पडत असतील तर मात्र थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.